तीन रकाने

देवगड,
१२ जून

चि. सई,

तुझी यादी पोचली. तीन पानं, प्रत्येक पानावर तीन रकाने: समुद्र, जहाज, पर्यावरण. रेघा पट्टीने आखलेल्या. तुझ्या पणजोबांच्या दुकानातली रोजकीर्दही इतकी नेटकी नसायची. सप्टेंबरात प्लेंसियाला समुद्री पर्यावरण शिकायला जायचं, म्हणून बास्क भाषेतले साठ शब्द आधीच गोळा करून ठेवायचे, हा तुझा बेत मला आवडला. पण 'शिकवणार इंग्रजीत, दुकानात चालणार स्पॅनिश, तेव्हा यातले खरोखर लागतील असे वीस शब्द निवडून द्या' हे काम मात्र माझ्याकडून झालं नाही. दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलो. एकेक शब्द या रकान्यातून उठून त्या रकान्यात जाऊन बसायला लागला. शेवटी पेन्सिल ठेवली आणि पत्र लिहायला घेतलं. मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून शाकारल्यात, काल रात्रीपासून वीज नाही. पत्र लांबलं तर दोष पावसाचा.

मला ही भाषा येते असा तुझ्या आईचा समज आहे. येत नाही. मला त्या भाषेतल्या वस्तू येतात. १९८१ साली आमचं जहाज भंगार लोखंड उतरवायला स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर पासाइयाला गेलं आणि मुख्य इंजिन बिघडून सहा आठवडे तिथेच अडकलं. मी थर्ड इंजिनिअर. पासाइयाचं बंदर म्हणजे दोन डोंगरांच्या मधली फट. बोटीवरून दोन्ही काठांच्या घरांतलं वाळत घातलेलं धुणं मोजता येतं. एका काठाला दोनिबाने, दुसऱ्याला सान पेद्रो, मधे माणसं ने-आण करणारी छोटी होडी. पूर्वी या होड्या बायका वल्हवत. 'बातेलेरा' म्हणत त्यांना, आणि त्यांचं नाव पार माद्रिदपर्यंत पोचलेलं होतं. वर्कशॉपमधून आमच्याकडे एक म्हातारा फिटर यायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. मग तो हातातल्या वस्तूकडे बोट दाखवून बास्क शब्द सांगायचा आणि मी मराठी सांगायचो. त्याच्या शाळेत बास्क बोलताना सापडलेल्या मुलाला एक अंगठी देत. त्याने ती दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून त्याच्या हातात द्यायची, आणि आठवड्याच्या शेवटी ज्याच्याकडे राहील त्याला छड्या. हे त्याने मला बोटातली अंगठी काढून, दाखवून, मारण्याचा अभिनय करून सांगितलं. हुकूमशहा फ्रँकोला जाऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. माझ्यापाशी शब्द उधळताना त्या म्हाताऱ्याला कसला आनंद व्हायचा, ते मला फार उशिरा कळलं.

मी गोव्याजवळचा आहे म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. 'शाबिएर!' म्हणाला. त्यांचा शाबिएर म्हणजे गोंयचो सायब, म्हणजेच तुझ्या मुंबईच्या कॉलेजच्या नावातला झेवियर. ते नाव मुळात बास्क: 'एचे' म्हणजे घर, 'बेर्री' म्हणजे नवं. आपल्या वसईकडच्या, उरणकडच्या नवघरसारखंच. हा माणूस ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला, आणि १५४४ च्या जानेवारीत कोचीहून लिहिलेल्या पत्रात त्याने आपली अडचण कबूल केली आहे: या लोकांची बोली मलबारी, माझी बास्क, ना त्यांचं मला कळे ना माझं त्यांना. तेव्हा तिकडे जाऊन तोंड बंद ठेवून बसायची वेळ आली तर लाजू नकोस. उलट दिशेने एक संत त्यातून गेलेला आहे.

आता यादी. पहिल्या रकान्यात तू 'इत्सासो' लिहिलंस, समुद्र. बरोबर. दुसऱ्या रकान्यात 'इत्सासोन्त्सी', जहाज. हा शब्द फोड. इत्सासो अधिक ओन्त्सी. ओन्त्सी म्हणजे भांडं. म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी माझ्या चहाच्या मगाकडे बोट करून 'ओन्त्सी' म्हटलं आणि मग खिडकीतून आमच्या नऊ हजार टनी जहाजाकडे बोट करून पुन्हा 'ओन्त्सी' म्हटलं. मला वाटलं, त्याला माझा प्रश्न कळला नाही. कळला होता. इंग्रजीत व्हेसल दोन्हीकडे चालतं, तसंच हे. युद्धनौका म्हणजे गेर्राओन्त्सी, तेलवाहू जहाज म्हणजे पेत्रोलिओ-ओन्त्सी, अंतराळयान म्हणजे एस्पासिओन्त्सी. जहाजबांधणीचा कारखाना तो ओन्त्सीओला. त्यातला 'ओला' म्हणजे भट्टी, लोहारकामाची जागा. त्या डोंगरांत ओढ्याच्या पाण्यावर भाते आणि घण चालवून लोखंड गाळायच्या जुन्या भट्ट्या होत्या, त्यांचंच हे नाव. आणि तू ज्या घरात भाड्याने राहशील तिथे भांडी धुण्याचं यंत्र असेल, त्याचं नाव ओन्त्सी-गार्बिगाइलु. स्वयंपाकघरापासून अवकाशापर्यंत एकच भांडं. हा शब्द कुठल्या रकान्यात ठेवतेस सांग.

(उच्चार सांगून ठेवतो, नाहीतर तू इंग्रजी वाचल्यासारखं वाचशील. त्यांचा झेड म्हणजे आपला स, एक्स म्हणजे श, टी आणि एक्स जोडून च. स्पेनच्या बाजूला एच बहुतेक मुकाच असतो. आणि 'र'ने शब्द सुरू करायला त्यांची जीभ धजत नाही, आधी एक स्वर लावतात. राजा लॅटिनमधून आला तो एर्रेगे झाला, रेडिओ आला तो इर्राती. व्याकरणाला स्पॅनिश माणूस घाबरतो, तू घाबरू नकोस. 'मुलगी आली' पण 'मुलीने मासा खाल्ला', हा 'ने' आपण विचार न करता लावतो. त्यांच्याकडे त्या जागी 'क' लागतो: नेस्काक. फरक एवढाच की आपला 'ने' भूतकाळात येतो, त्यांचा 'क' सगळ्या काळांत.)

तू काही शब्दांवर तारे काढलेस, 'अस्सल बास्क' म्हणून, आणि खाली खंत लिहिलीस की जहाजाच्या रकान्यात तारे जवळजवळ नाहीतच. नसणारच. शीड 'बेला', नांगर 'आइंगुरा', बंदर 'पोर्तु', वल्हं 'आर्राउन', हे सगळे लॅटिनच्या घरचे. ('आर्राउन'मध्ये रेमुस ओळखू येतो का? तोच तो 'र'चा कंटाळा.) जहाजाचा कणा 'गिला' तो फ्रेंचकडून. पाणी 'उर', वारा 'आइसे', मासा 'आर्राइन', पाऊस 'एउरी', तारा 'इसार', हे मात्र घरचे, इतके जुने की त्यांच्यापलीकडे कुठलीही भाषा नातेवाईक म्हणून सापडत नाही. म्हणजे बास्क माणूस मासे पकडायला कुणाकडून शिकला नाही, पण शीड, नांगर, धक्का या गोष्टी ज्यांच्याबरोबर वापरल्या त्यांचे शब्द त्याने निमूट घेतले. यात कमीपणा कसला? आपला 'बंदर' फार्सी आहे, 'खलाशी' अरबी. होडीचा नांगर फार्सी लंगरावरून आणि शेतातला नांगर संस्कृत लांगलावरून, आणि आपल्या तोंडात दोघे एक झाले. बंदरात राहणाऱ्या माणसाने शुद्ध बोलायचं म्हटलं तर त्याचा धंदा बसेल. तारे पुसून टाक.

दिशांचीही तीच गत. पश्चिमेला ते 'मेन्देबाल' म्हणतात, तो शब्द मुळात वाऱ्याचा. फ्रान्सच्या बाजूला खालच्या अंगाने येणाऱ्या वाऱ्याला जे म्हणत, ते उचललं आणि होता होता दिशाच झाली. दक्षिण 'एगो', आणि दक्षिणेचा वारा 'एगो आइसे'. नकाशावर नसेल इतका तो अंगावर असतो.

समुद्राच्या रकान्यात तू खाडीला 'इत्सासादार' लिहिलंस. छान. 'आदार' म्हणजे शिंग, आणि झाडाची फांदीही. समुद्राचं शिंग जमिनीत घुसलेलं, किंवा समुद्राची फांदी. इंद्रधनुष्यालाही त्यांनी 'ओर्त्सादार' म्हणजे आकाशाचं शिंग केलं आहे. तुझं प्लेंसिया बुत्रोन नदीच्या अशाच शिंगावर आहे. भरती 'इत्सास्गोरा', समुद्र वर. ओहोटी 'इत्सास्बेहेरा', समुद्र खाली. इतकं साधं. आपल्या उधाणाला ते जिवंत भरती म्हणतात आणि भांगाला मेलेली. हे म्हाताऱ्याने शब्दांनी नाही, हाताच्या तळव्याने सांगितलं: एकदा उसळणारा, एकदा पडून राहिलेला.

रंग विसरलीस. 'उर्दिन' म्हणजे निळा, असं तुला कोणीही सांगेल. पूर्वी तो निळा, हिरवट, करडा अशा सगळ्यांना पुरत होता. पिकलेल्या केसांनाही उर्दिनच म्हणत. बिस्केच्या उपसागराकडे नोव्हेंबरात पाहिलंस की हा शब्द तसा का होता ते कळेल. माझं डोकं त्या हिशेबाने समुद्राच्या रंगाचं आहे.

डॉल्फिनला 'इसुर्दे'. त्यात 'उर्दे' म्हणजे डुक्कर ऐकू येतं, समुद्राचं डुक्कर. आपले रापणकर त्याला गादा म्हणतात आणि जाळी फाडतो म्हणून शिव्या देतात. तिकडेही कौतुक कोणी केलेलं दिसत नाही.

देवमाशाशी आलं की मला थांबावं लागतं. 'बालेआ' हा शब्दही लॅटिनच, पण जगात त्याचा धंदा पहिल्यांदा ज्यांनी शिस्तीत मांडला ते हे लोक. अकराव्या शतकापासून कागदपत्रं आहेत. बेर्मेओ, लेकेइतिओ, ओन्दारोआ या गावांच्या मुद्रांवर आजही देवमासा आणि होडी आहे. टेकडीवरच्या टेहळणीच्या जागेला 'तालाइया' म्हणत. हा शब्द अरबांकडून स्पेनमार्गे आला. तिथून धूर किंवा आरोळी झाली की चालुपा, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होड्या, पाण्यात. हिवाळ्यात किनाऱ्याजवळ येणारा, कळपाने राहणारा, संथ, मेल्यावर तरंगणारा देवमासा तो 'सार्दाको बालेआ'. सार्दा म्हणजे कळप. तुझ्या पुस्तकात तो उत्तर अटलांटिक राइट व्हेल म्हणून असेल. पिल्लाला आधी मारायचं म्हणजे आई सोडून जात नाही, ही त्यांची युक्ती होती. बिस्केत तो विरळ होत गेला तसे ते त्याच्या मागे, आणि कॉडच्या मागे, अटलांटिक ओलांडून लाब्रादोरपर्यंत गेले.

तिथल्या रेड बेमध्ये १५६५ साली 'सान हुआन' नावाचं जहाज तेलाच्या पिंपांसकट वादळात बुडालं. ते बांधलं होतं पासाइयाला, माझ्या म्हाताऱ्याच्या वर्कशॉपपासून हाकेच्या अंतरावर. सेल्मा बार्कम या अभ्यासक बाईंनी ओन्यातीच्या दप्तरखान्यात जुने करार, दावे, विम्याचे कागद वाचून ते कुठे असेल ते ताडलं, आणि १९७८ मध्ये पाणबुड्यांना ते तळाशी सापडलं. सोबत एक चालुपाही, जहाजाच्या वजनाखाली चेपलेली. आता सान पेद्रोला त्या जहाजाची हुबेहूब प्रत जुन्या पद्धतीने बांधली आहे. जाशील तेव्हा नक्की बघ.

रेड बेच्या हाडांची डीएनए तपासणी झाली तेव्हा जवळजवळ सगळी बोहेड देवमाशाची निघाली, राइट व्हेलची नाममात्र. म्हणजे 'बास्कांनी तिकडचा राइट व्हेल संपवला' हे जे वाक्य जुन्या पुस्तकांत ठोकून दिलेलं असतं ते इतकं सरळ नाही. तू शास्त्राची मुलगी, तुला हे आवडेल म्हणून लिहिलं. आज हा मासा चारशेहूनही कमी उरला आहे, आणि बिस्केत तो वस्तीला येत नाही. तिथला शेवटचा ओरिओ गावच्या लोकांनी १४ मे १९०१ रोजी मारला. भाला चालवायचा सराव इतका तुटला होता की डायनामाइट वापरावं लागलं. त्यावर गाणं आहे आणि लोक ते अजून आवडीने म्हणतात. म्हाताऱ्याने मला म्हणून दाखवलं, आणि शेवटी त्याचे डोळे ओले झाले. माशासाठी की गावासाठी, ते विचारण्याइतकं बास्क मला येत नव्हतं.

तुझ्या यादीसारखीच एक यादी आहे, ती तुझ्याआधी साडेतीनशे-चारशे वर्षं आइसलँडमध्ये कुणीतरी केली. देवमाशासाठी बास्क लोक तिकडच्या पश्चिम फ्योर्डांतही जात. सतराव्या शतकापासूनच्या तिथल्या हस्तलिखितांत बास्क आणि आइसलँडी शब्द शेजारी शेजारी मांडलेले सापडले. एकीत पाचशेच्या वर, दुसरीत दोनशेच्या वर. १९३७ मध्ये डेन नावाच्या डच संशोधकाने त्या छापल्या. मला त्यात शब्दांपेक्षा मधली तोडकीमोडकी वाक्यं जास्त आवडतात. त्यांना धड कुठलीच भाषा म्हणता येत नाही: बास्क नामं, बाकी इंग्रजीचे आणि कुठले कुठले तुकडे. त्यातल्या एकात सौदा आहे. ख्रिस्त आणि मेरीने मला देवमासा दिला तर मी तुला 'बुस्ताना' देईन. बुस्तान म्हणजे शेपूट. एवढ्या थंडीत दोन माणसं एकमेकांना शेपटीचं वचन देताहेत, आणि ते लिहून ठेवण्यासारखं तिसऱ्याला वाटलं. त्याच किनाऱ्यावर १६१५ मध्ये जहाजं फुटून अडकलेल्या तीसहून जास्त बास्क खलाशांना स्थानिक अधिकाऱ्याच्या हुकमावरून मारून टाकलं, हेही खरं. तो हुकूम तिथल्या अधिकाऱ्यांनी समारंभपूर्वक मागे घेतला २०१५ मध्ये. इतकी वर्षं तो कागदावर तसाच होता.

कॅनडाच्या बाजूलाही बास्क शब्द असेच सांडले. तिथल्या फ्रेंच बोलीत मूस या मोठ्या हरणाला 'ओरिन्याल' म्हणतात, तो बास्कांचा 'ओरेइन', हरीण. तिथले मूळ रहिवासी युरोपीय माणूस दिसला की 'आदिस्किदे' म्हणत, मित्र. फ्रेंच आले तेव्हा त्यांना वाटलं, हा इथलाच शब्द असेल.

आता तिसरा रकाना. तिथे तू 'आरित्स', ओक, लिहिलंस. पण सान हुआन म्हणजे काय, ओकचं रानच होतं ते. जहाजाच्या बरगड्यांना बाक लागतो आणि तो लाकूड कापून आणला तर टिकत नाही. म्हणून नवारमधल्या साकाना खोऱ्यात कोवळ्या ओकच्या फांद्या छाटून, वळवून अशा वाढवत की एक आडवी जाईल, एक उभी, आणि दोन पिढ्यांनी कुणीतरी येऊन हवा तो बाक तोडून नेईल. जहाजासाठी झाड नाही, झाडातच जहाज. खलाशांसाठी पाण्याऐवजी सफरचंदाची आंबवलेली 'सागार्दो' पिंपं भरून नेत, तिने स्कर्व्ही टळे. म्हणजे तुझी फळबागही गेली जहाजात. ओकला तिसऱ्या रकान्यात एकटं ठेवून काय करणार?

आणि एक शब्द उलट आला, जहाजातून पर्यावरणात. म्हाताऱ्याने मला एक काळं, चिकट, उग्र वासाचं डबडं दाखवून म्हटलं होतं, 'गालिपोत'. होडीच्या फटी बुजवायला, लाकूड पाण्यापासून राखायला लावतात ते डांबर-राळ. चांगली वस्तू. तिच्या वासावर तो खूष असायचा. पुढे २००२ च्या नोव्हेंबरात 'प्रेस्टीज' हे सत्याहत्तर हजार टन जड तेल भरलेलं जहाज गॅलिसियासमोर दोन तुकडे होऊन बुडालं. तेलाचे पट्टे पूर्वेकडे वाहत बास्क किनाऱ्यावर आले. तिथल्या मच्छीमारांनी आपल्या बोटी घेऊन, घरी बनवलेल्या जाळ्यांनी आणि झाऱ्यांनी ते समुद्रातून अक्षरशः उपसलं. त्या नाताळात म्हाताऱ्याचं कार्ड आलं. एकच शब्द मोठ्या अक्षरांत, खाली सही: गालिपोत. पेपरांत, टीव्हीवर त्या घाणीला तोच शब्द वापरत होते. ज्याने होडी वाचायची, त्याच नावाने किनारा मेला. त्यानंतर त्याचं कार्ड आलं नाही.

प्रदूषणाला तू 'कुत्सादुरा' लिहिलंस. हा शब्द रोगाच्या लागणीचाही आहे. समुद्राला लागण झाली असं म्हटलं की डॉक्टर कोण, हा प्रश्न आपोआप येतो. किनाऱ्यावरची वाळू 'ओन्दार', त्यावरून पुळण 'ओन्दार्त्सा'. पण ओन्दार म्हणजे तळाला उरलेला गाळ, शिल्लकही. त्याच वाटेवरचा 'ओन्दाकिन' म्हणजे कचरा. पुळणीवर प्लास्टिक वेचायला तुम्हा पोरांना नेतीलच, तेव्हा दोन्ही शब्द एकाच मुठीत येतील.

आणि खुद्द 'पर्यावरण'. ते म्हणतात 'इंगुरुमेन'. आधी 'इंगुरुगिरो' जास्त चालायचा. दोन्ही नवे. १९६८ मध्ये प्रमाण बास्क ठरवायला सुरुवात झाली, सत्तरच्या दशकात एलुयार आणि उसेइ या संस्थांनी विज्ञानाचे शब्द घडवायला घेतले, त्या काळातली ही सगळी पिढी. मूळ 'इंगुरु', भोवताल. आपलं परि-आवरणही भोवतालचंच. पण आपल्या शब्दाला संस्कृतचा कोरा वास येतो, कोळीवाड्यात तो कोणी बोलत नाही. इंगुरु मात्र बोटीवर आहे. माशांच्या थव्याला जाळ्याने घेरून तळ आवळायची मासेमारी, आपल्याकडे जिच्यावरून इतकी भांडणं झाली ती पर्ससीन, तिला ते 'इंगुराकेता' म्हणतात. तोच इंगुरु. घेरणारं जाळं आणि आपल्याला घेरून असलेलं जग, दोघांचं मूळ एक. याच जाळ्यांनी वसंतात अँचोवीचा हंगाम होतो, त्याला 'कोस्तेरा' म्हणतात. २००५ मध्ये अँचोवी इतकी घटली की ती मासेमारी बंद करावी लागली आणि २०१० मध्ये पुन्हा उघडली. पाच वर्षं बोटी दुसऱ्या माशांवर जगल्या. पांढरा ट्यूना मात्र ते गळाने एकेक करून पकडतात. त्याच्या लांब परांवरून त्याचं नाव 'एगालुसे', लांबपंख्या.

मला सगळ्यात आवडलेला तुझ्या यादीतला शब्द तू शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात लिहिला आहेस: 'हासांगार्री'. हे शाश्वत विकासातलं 'शाश्वत'. 'हासान' म्हणजे पेलणं, सोसणं. हासांगार्री म्हणजे पेलवेल असं. आपण शाश्वत म्हणून मोकळे होतो, जणू ब्रह्मदेवाने लिहून दिलंय. त्यांचा शब्द हमालासारखा विचारतो: किती किलो? पाठ कुणाची? परीक्षेत हे लिहू नकोस, पण लक्षात ठेव.

तर वीस शब्द निवडून देत नाही. वही परत पाठवतोय, पेन्सिलने बाण काढले आहेत, तुझ्या रेघा खराब झाल्या त्याची माफी. प्लेंसियात एखादा जाळी विणणारा म्हातारा किंवा म्हातारी गाठ. जाळं म्हणजे 'सारे', विणणारी 'सारेगिले'. इंटरनेटलाही ते सारेच म्हणतात, त्यामुळे तुझ्या वयाच्या पोरांशीही या शब्दाने बोलणं सुरू करता येईल. आणि मला एक कळव: त्या गावात भांगाच्या पाण्याला मेलेलंच म्हणतात की आणखी काही? आमच्या म्हाताऱ्याचा तळवा मला अजून दिसतो, पण तोंडातला नेमका शब्द निसटला.

बोटीतून कधी बालेआ दिसलाच तर बुस्ताना माझा. फोटो चालेल.

तुझा,
भाईआजोबा

ता. क. तुझ्या यादीत सगळ्यात कामाचा शब्द नाहीच: 'गालेर्ना'. तोही फ्रेंचांकडून आलेला, तुझा तारा त्याला मिळाला नसता. उन्हाळ्यात दक्षिणेच्या वाऱ्याने अंग भाजत असतं, समुद्र तेलासारखा, आणि काही मिनिटांत वारा पश्चिम-वायव्येला फिरतो, दहा-बारा अंशांनी गारठा पडतो, पाणी पांढरं होतं. समुद्रावरून येणाऱ्या तशाच पण सौम्य वाऱ्याला 'एनबाता' म्हणतात. ऑगस्ट १९१२ मधल्या एका रात्रीच्या वादळाला लोक गालेर्नाच म्हणतात. त्यात १४३ मच्छीमार गेले, त्यातले ११६ एकट्या बेर्मेओचे, म्हणजे तुझ्या प्लेंसियाच्याच किनाऱ्यावरच्या गावाचे. तेव्हा नमुने गोळा करताना मानेवर अचानक गार झुळूक लागली आणि कुणी हा शब्द ओरडलं, तर बाटल्या, वही, सगळं तिथेच टाकून वर पळायचं. वही मी दुसरी पाठवीन.